सकाळी की रात्री, गोष्टींचं बायबल की मोठं: लहान मुलांच्या रोजच्या शास्त्रवाचनाबद्दल

घरात तीन ते आठ वर्षांची मुलं आहेत, रोज बायबल वाचायचं मनात आहे, पण सुरुवात कशी करावी ते ठरत नाहीये, अशा आईबाबांसाठी हे लिहितेय. आमचा मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. दोन वर्षांत आम्ही जवळजवळ सगळे प्रकार करून पाहिले.

वेळ

आमच्या सासूबाई अजूनही पहाटे उठून आधी पवित्र शास्त्र उघडतात, म्हणून आम्हीही सकाळच धरली. पण मुलांची शाळा सकाळची. पुण्यात वडगाव शेरीत आमच्या दारात व्हॅनवाले काका पावणेसातला हॉर्न देतात. डबा, वेणी, सापडत नसलेला मोजा आणि त्यात शास्त्रवाचन. तीन आठवडे केलं. रोज माझा आवाज चढायचा, आणि ओरडून झाल्यावर लगेच मी येशूचे शब्द वाचायला लागले की मुलगा माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. ते बघणं मला सहन झालं नाही.

रात्रीचं तसं नाही. नवरा हिंजवडीहून साडेआठपर्यंत पोहोचतो, जेवणं होतात, गाद्या पडतात. दहा मिनिटं मिळतात आणि ती खरोखर आमची असतात. धाकटी मधेच झोपते, हे खरं. झोपू दे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना वचनं शिकवायची वेळ सांगितलीय ती घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना, अशी सगळीच. त्यामुळे सकाळच पवित्र, असं मनावर ओझं घेऊ नका. शाळा दुपारची असेल किंवा घरात आजी-आजोबा निवांत असतील तर मात्र सकाळ उत्तम. तेव्हा मूल ताजं असतं आणि वचन पटकन पाठ होतं.

पुस्तक

चित्रांचं गोष्टींचं बायबल चार वर्षांच्या मुलीला हवंच. नोहाचं तारू, सिंहांच्या गुहेतला दानीएल, उंबराच्या झाडावर चढलेला जक्कय. आपल्या मराठी बायबलमध्ये ते झाड उंबरच आहे. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उंबर आहे, त्यामुळे लेकीच्या मते ती गोष्ट तिथंच घडली.

पण सहा-सात वर्षांच्या पुढे फक्त तेवढ्यावर थांबू नका. त्या पुस्तकांत प्रत्येक गोष्ट सुटी असते, दोन पानांत संपते, उद्याची ओढ राहत नाही. आम्ही मोठ्या, म्हणजे पूर्ण बायबलमधून योसेफाची गोष्ट घेतली, ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या ३७व्या अध्यायापासून ५०व्यापर्यंत, रोज थोडी थोडी. भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं तिथं मी मुद्दाम थांबले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून मुलगा मागे लागला होता, गादी लवकर घाल म्हणून. एक सांगते, आधी स्वतः वाचून ठेवा. ३८वा अध्याय लहानांसाठी नाही, तो सोडून सरळ ३९वर जा.

उत्पत्तीपासून सलग सगळं वाचायचं मात्र ठरवू नका. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय आहेत, आणि ‘लेवीय’ या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता मुलं हातची जातात. मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे मार्कानं सांगितलेली येशूची गोष्ट, १६ अध्यायांचं, सगळ्या शुभवर्तमानांत लहान, आणि त्यात येशू सतत काहीतरी करत असतो. पहिल्यांदा तेच घ्या.

भाषा

यावर आमच्याकडे खूप बोलणं झालं, कारण मुलं इंग्रजी माध्यमातली. इंग्रजी बायबल मुलगा स्वतः वाचू शकतो, तो मोठाच फायदा. पण आजी प्रार्थना करते मराठीत, चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची गीतं गातात ती मराठीत. इंग्रजीच धरलं तर मूल आजीच्या प्रार्थनेला पाहुणं होतं. म्हणून आम्ही ऐकायला मराठी ठेवलं, आणि मुलाला स्वतः वाचायला इंग्रजी.

जुनं भाषांतर जड जात असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ बघा. मोठ्यानं वाचताना वाक्यं जिभेवर अडत नाहीत. सोपी मराठी ही पळवाट आहे असं कुणी म्हणालं तर पंडिता रमाबाईंची आठवण करून द्या. इथून जवळच केडगावला, मुक्ती मिशनमध्ये, त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना कळावं म्हणून, आणि १९२२मध्ये त्या गेल्या तोवर त्याच कामात होत्या. पाठांतराला मात्र आम्ही जुनंच घेतो: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.’ आजीला तेच पाठ आहे.

मोबाईलवर ऐकायचं का? रविवारी चर्चला जाताना गाडीत चालतं. घरी नको, फोन हातात आला की दोन मिनिटांत कार्टूनचा हट्ट.

तक्ता की खूण

भिंतीवर तक्ता लावून रोज चांदणी चिकटवायची पद्धत संडे स्कूलमध्ये छान चालते. आमच्या घरी लग्नसराईत चार दिवस चुकले, चार चौकोन रिकामे दिसले आणि मुलानं तक्ताच फाडला. आता फक्त पुस्तकात खूण आहे, लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी. दिवस चुकला तरी ती जिथल्या तिथं असते, तिथून पुढे वाचायचं. सध्या ती मार्काच्या पाचव्या अध्यायात आहे, याईराच्या बारा वर्षांच्या मुलीपाशी. काल आम्ही ती वारल्याचा निरोप येतो तिथं थांबलो. धाकटी दुपारपासून विचारतेय, ती उठते का.