बोलणारे स्वयंपाकघर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये मुलीच्या दुसऱ्या वाढदिवसाला आम्ही दिवे आणि आवाज असलेला प्लॅस्टिकचा स्वयंपाकघर-संच घेतला. तिच्या छातीपर्यंत येणारा ओटा, दोन शेगड्या, एक नळ, उघडझाप होणारा ओव्हन, कढई, पातेले, प्लॅस्टिकची अंडी व भाज्या, आणि दर्शनी भागात गाण्यांची पाच बटणे असे त्याचे स्वरूप आहे. किंमत २,३०० रुपये होती. तीन पेन्सिल सेल लागतात. मुलांच्या कल्पनाशक्तीला चालना मिळते, असे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले होते आणि आम्ही मुख्यतः तेच वाचून तो घेतला. आता फेब्रुवारी संपत आला आहे. त्या एका दाव्याविषयी सविस्तर लिहावे, एवढा अनुभव गाठीशी जमला आहे.

बांधणीबद्दल माझी तक्रार नाही. आठ महिन्यांत एकही भाग तुटलेला नाही, कडा गुळगुळीत आहेत, रंग उडालेला नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि सेलवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होते. ते चिन्ह खोक्यावर होते. सेलच्या कप्प्याला स्क्रू आहे. संचासोबत एक छोटा खेळण्यातला फोन आला होता, त्यात बटणासारखे चपटे सेल होते. तो मी पहिल्याच दिवशी बाजूला काढला, कारण असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. स्क्रू कितीही घट्ट असला तरी ही जोखीम मला घरात नको होती.

आवाज मात्र मोठा आहे. त्याचे दोनच टप्पे आहेत आणि लहान टप्पाही शेजारच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतो. लहान मूल खेळणे आपल्यासारखे हातभर लांब धरत नाही. ते स्पीकरच्या जाळीला कान लावते. अंतर निम्मे झाले की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने वाढते, म्हणजे आपल्याला दुरून जे ऐकू येते त्यापेक्षा तिच्या कानावर पुष्कळ जास्त आदळत असते. पहिल्या आठवड्यातच मी जाळीवर आतून चिकटपट्टीचे दोन थर लावले. त्याने आवाज सुसह्य झाला. ज्यांच्याकडे असे खेळणे आधीच आहे त्यांनी निदान एवढे अवश्य करावे.

परंतु मला ज्याची खरी काळजी वाटू लागली ती गोष्ट आवाज कमी करूनही तशीच राहिली. पहिले दोन महिने मुलगी त्या ओट्यापाशी रोज उभी राहत असे आणि आम्ही समाधानाने म्हणत असू की छान रमली आहे. एके दिवशी मी जवळ बसून शांतपणे पाहिले. ती बटण दाबत होती, गाणे संपेपर्यंत स्थिर उभी राहत होती, पुन्हा तेच बटण दाबत होती. कढई शेगडीवर ठेवली की तळण्याचा आवाज येतो आणि एक बाई इंग्रजीत शाबासकी देते. ती शाबासकी ऐकली की कढई उचलायची आणि पुन्हा ठेवायची. स्वयंपाक असा तिथे काही होत नव्हता. कोणासाठी काय शिजते आहे, कोण जेवायला येणार आहे, मीठ जास्त पडले का, यांपैकी काहीच तिच्या बोलण्यात येत नव्हते, कारण तिच्या बोलण्याला मध्ये जागाच उरत नव्हती.

त्याच दुपारी एक लहानसा प्रसंग घडला आणि तो माझ्या मनातून जात नाही. तिने बाल्कनीतल्या कुंडीतून एक गोटा आणला, शेगडीवर ठेवला आणि वाट पाहिली. आवाज आला नाही. त्या शेगडीच्या मधोमध एक खुंटी आहे आणि फक्त त्याच कढईचा किंवा पातेल्याचा तळ ती नीट दाबतो. तिने गोटा दोनदा उचलून पुन्हा ठेवला, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे नाही चालत," आणि गोटा खाली टाकून दिला. दोन वर्षांच्या मुलीने गोट्याला बटाटा म्हणायचे ठरवले होते आणि यंत्राने तिला नकार दिला होता.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ मधल्या एका व्याख्यानात मुलांच्या खेळाबद्दल जे मांडले ते मला या प्रसंगानंतर नीट समजले. काठी घोडा होऊ शकते, टपालाचे कार्ड होऊ शकत नाही, असे ते म्हणतात. कारण काठीवर टांग टाकून दौडता येते. वस्तू हुबेहूब असण्याची गरज नसते, ती मुलाच्या हालचालीला साथ देणारी असली म्हणजे पुरे. आमच्या गोट्यात बटाटा होण्याची सगळी पात्रता होती. तो मुठीत मावत होता, कढईत पडत होता, सोलल्यासारखे करता येत होते. बटाटा कोणाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्या खुंटीकडे गेला होता.

माझ्या स्वतःच्या वागण्याचाही इथे उल्लेख केला पाहिजे. ते खेळणे बोलत असताना मी गप्प बसत असे. तिला आनंद होतो आहे तर मध्ये कशाला बोलायचे, असे वाटे. हातातले काम उरकून घेण्याचा मोहही असे. नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठातील संशोधिका अॅना सोसा यांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता. डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १० ते १६ महिन्यांची बाळे आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचा घरातला खेळ ध्वनिमुद्रित करण्यात आला. इलेक्ट्रॉनिक खेळणी असताना पालक मिनिटाला सरासरी सुमारे ४० शब्द बोलले, साध्या खेळण्यांसोबत सुमारे ५६, आणि पुस्तक हाती असताना सुमारे ६७. अभ्यास लहान आहे आणि ती बाळे माझ्या मुलीपेक्षाही लहान होती, हे लक्षात घेऊनही मला त्या आकड्यांत आमचे दिवाणखान्यातले चित्र दिसले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जानेवारी २०१९ मधल्या अहवालात खेळणी निवडण्याबद्दल जे सांगितले आहे, त्याचा रोखही मूल आणि मोठी माणसे यांच्यातल्या देवघेवीवरच आहे.

सप्टेंबरमध्ये मी सेल काढून टाकले. त्यानंतर लगेच सगळे बदलले असे मुळीच झाले नाही, आणि ज्यांना हा प्रयोग करायचा असेल त्यांनी याची तयारी ठेवावी. चार-पाच दिवस ती बटणे दाबून पाहत होती, "बिघडलं" म्हणून मला ओढून नेत होती, एकदा रडलीसुद्धा. नंतर दहा-बारा दिवस ती ओट्याकडे फिरकलीच नाही. माझी खात्री डळमळू लागली होती.

त्याच सुमारास माझी आई सावंतवाडीहून आली. तिने येताना चितारआळीतून लाकडी भातुकली आणली होती: बोटभर उंचीची चूल, तवा, पोळपाट-लाटणे, जाते, दोन पातेली. ती लाकडी भांडी मुलीने उचलून त्याच प्लॅस्टिकच्या ओट्यावर नेऊन मांडली. आईने समोर बसून एवढेच विचारले, "काय गं, मला चहा मिळेल का?" उत्तर यायला वेळ लागला. मग तिने पातेले शेगडीवर ठेवले, ओठांचा चंबू करून लांबलचक शिट्टी काढली, तीन वेळा, आणि म्हणाली, "आजी, तीन झाल्या. गॅस बंद." चहाला कुकरची शिट्टी लागत नाही, हे आईने तिला सांगितले नाही, याचे मला फार बरे वाटले. त्या विकतच्या संचात तळण्याचा आवाज होता, घंटी होती, टाळ्या होत्या. आमच्या घरात रोज सकाळी वाजणारी शिट्टी त्यात नव्हती. ती तिच्या तोंडून आली.

तिथून पुढचे महिने वेगळे गेले. बाहुल्यांच्या पंगती झाल्या, एका अस्वलाला ताप आला म्हणून त्याच्यासाठी मऊ भात झाला, चुरमुऱ्यांची पोळी झाली, बटाटे तर असंख्य झाले. तिची वाक्ये लांबली. याचे सारे श्रेय सेल काढण्याला देणे बरोबर नाही, कारण या वयात भाषा तशीही झपाट्याने वाढते आणि आजी दीड महिना घरात होती. पण खेळताना ती बोलते आहे आणि कोणीतरी तिला उत्तर देते आहे, एवढे आधी नव्हते.

यावरून आवाज करणारे प्रत्येक खेळणे वाईट, असे माझे म्हणणे नाही. तिच्याकडे एक छोटी ढोलकी आहे, ती या संचापेक्षाही मोठ्याने वाजते. पण ती वाजवावी लागते, आणि ती वाजू लागली की घरात लगेच वरात निघते. सेलवर धावणारी एक आगगाडीही आहे. ती नुसती पुढे जाते, काही बोलत नाही, त्यामुळे स्टेशने, प्रवासी आणि उशीर हे सगळे मुलीला स्वतः आणावे लागते. शिवाय हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या मुलांना एक बटण दाबल्यावर काहीतरी घडते, या अनुभवाचा फार उपयोग होतो. त्यांच्या पालकांनी माझ्या तक्रारीवरून निर्णय घेऊ नये.

लेखाच्या ओघात एक आठवण द्यावीशी वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडीचे काम केले तेव्हा शंख, शिंपले, बिया, पाने आणि गोटे हीच त्यांच्या मुलांची साधने होती. पैशांची टंचाई त्यामागे होतीच, पण मूल त्या वस्तूंचे काय काय करते यावर त्यांचा विश्वासही होता. आम्ही २,३०० रुपये खर्चून त्याच गोट्याला नापास करणारी वस्तू घरी आणली, याची मला खंत वाटते.

विकत घ्यावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, सेलशिवाय हा ओटा चांगला आहे, पण त्यासाठी एवढी किंमत मोजू नये. लाकडी किंवा साध्या प्लॅस्टिकचा बिनआवाजाचा ओटा मिळत असेल तर तो घ्यावा. भेट म्हणून आला असेल तर दुकानात उभे राहून पाहता येत नाही ते घरी पाहावे: आवाज पूर्ण बंद करणारी कळ आहे का, आणि आवाज बंद असताना त्या वस्तूशी खेळण्यासारखे काही उरते का. आमच्याकडे ते उरले. स्पीकरच्या जाळीवरची माझी चिकटपट्टी आता निघाली आहे, आणि मुलगी त्या जाळीवर नारळ खवते.