पॅरिसचं ऑरांजरी म्युझियम: मोने बघून झाला की तळघरात नक्की उतरा

5 पैकी 5 स्टार. पहिल्या वेळी टूरसोबत गेलेलो, पाऊण तास दिला होता, चित्रकार मोनेच्या कमळांच्या चित्रांच्या दोन खोल्या बघेपर्यंतच संपला आणि चला चला करत सगळ्यांना बसमध्ये कोंबलं. खाली काय आहे ते कोणी सांगितलंच नाही. या वेळी एकटा गेलो आणि सरळ जिना उतरलो, शाईम सुतीन या चित्रकारासाठी.

याच्या 22 चित्रांचा संग्रह आहे इथे, सगळी एकावेळी लावलेली नसतात पण आहेत तेवढी पुरतात. ‘घरं’ नावाच्या चित्रासमोर मी अर्धा तास तरी उभा होतो. एक साधी घरांची रांग, पण ओले कपडे पिळावेत तशी पिळलेली, खिडक्या वाकड्या, छपरं कलंडलेली, आणि रंग असा लिंपलाय की बाजूने बघितलं तर ब्रशच्या फटकाऱ्यांचे उंचवटे दिसतात. फोटोत यातलं काहीच येत नाही हो.

माणूस आताच्या बेलारूसमधल्या मिन्स्कजवळच्या स्मिलोविची गावचा, गरीब ज्यू शिंप्याचा मुलगा, अकरा भावंडांत दहावा. 1913 ला पॅरिसला आला, मोदिल्यानी या चित्रकाराशी दोस्ती झाली, खायचे वांधे होते. 1919 ला चित्रांच्या व्यापाऱ्याने दक्षिणेला सेरे गावात पाठवलं, तिथे तीनेक वर्षांत ही असली डोंगर-घरं-झाडं रंगवली. मग बार्न्स नावाच्या अमेरिकन संग्राहकाने एकदम पन्नासच्या वर चित्रं उचलली आणि नशीब पालटलं, पण सुतीनला सेरेची चित्रं नंतर आवडेनाशीच झाली, हाती लागतील तेवढी फाडून टाकली! म्हणून समोर लटकलेलं प्रत्येक चित्र त्यातून बचावलेलं आहे असं वाटत राहतं मला.

त्याचा शेवट तर वाचवत नाही. नाझींच्या काळात खेडोपाडी लपून राहिला, पोटातला अल्सर फुटला, लपतछपत ऑपरेशनसाठी पॅरिसला आणला, 9 ऑगस्ट 1943 ला गेला. पन्नास वर्षांचा होता फक्त.

म्युझियमची व्यवस्था छान, उजेड चांगला, बसायला बाकं आहेत. कॉन्कॉर्द मेट्रोला उतरून बागेतून चालत जायचं. 18 च्या आतल्यांना फुकट आहे, मुलांना न्याच. मंगळवारी बंद असतं, आणि दोन तास तरी हाताशी ठेवा.