ईईसीपी: ‘नैसर्गिक बायपास’ या पाटीमागे नेमकं काय मिळतं?

महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत ईईसीपीची (एन्हान्स्ड एक्स्टर्नल काउंटरपल्सेशन, म्हणजे पायांवर बाहेरून दाब देऊन रक्त हृदयाकडे ढकलण्याचा उपचार) केंद्रं आता सहज सापडतात आणि बहुतेक ठिकाणी जाहिरात एकच: ऑपरेशनशिवाय नैसर्गिक बायपास. योग्य रुग्णाला या उपचाराने आराम पडतो. पण बायपास हे नाव त्याला शोभत नाही, आणि त्या नावावर विसंबून कुणी खरी बायपास टाळत असेल तर ते धोक्याचं आहे.

पोटऱ्या, मांड्यांचा खालचा भाग आणि कुल्ल्यांसह मांड्यांचा वरचा भाग अशा तीन ठिकाणी कफ, म्हणजे हवेने फुगणारे पट्टे, बांधतात. ईसीजीच्या तालावर, हृदय सैल पडताच, ते खालून वर एकामागून एक फुगतात. पुढचा ठोका पडायच्या आत तिन्ही एकदम रिकामे होतात. दाब 260 ते 300 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत नेतात. पायांतलं रक्त महाधमनीत मागे ढकललं जातं, आणि हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या मुख्यतः याच विसाव्याच्या क्षणी भरतात. एक तासाचं सत्र, आठवड्याला पाच, एकूण 35.

आता ‘नैसर्गिक’ या दाव्याकडे. रोहिण्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या बारीक वाहिन्या, म्हणजे कोलॅटरल, मुळातच असतात. कुणात जास्त, कुणात नावापुरत्या. मुख्य रोहिणी अरुंद झाली की दोन टोकांच्या दाबात फरक पडतो, या वाहिन्यांतून रक्त वेगाने जातं आणि अस्तरावरच्या घर्षणाने त्या रुंदावतात. ईईसीपी हे घर्षण वाढवते, हा तर्क सयुक्तिक आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गटाने तो मोजूनही पाहिला. फुग्याने रोहिणी क्षणभर बंद करून कोलॅटरलमधून येणारा प्रवाह मोजतात. 0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे मोकळ्या रोहिणीइतका. 2010 मध्ये आलेल्या या अभ्यासात 30 तासांच्या उपचारानंतर या आकड्याची सरासरी 0.125 वरून 0.174 झाली, 80 मिलिमीटरचा नाममात्र दाब दिलेल्यांत वाढ दिसली नाही. रुग्ण मात्र एकूण 20 होते. शिवाय रोहिणी बंद असताना हृदयाच्या स्नायूला तग धरायला साधारण 0.25 लागतो. वाढ खरी आहे, पण तिला बायपास म्हणता येणार नाही.

मग पैसे कोणी घालावेत? औषधं पूर्ण मात्रेत चालू आहेत, स्टेंट किंवा बायपास शक्य नाही किंवा होऊन गेली आहे, तरी चालताना छाती भरून येते, अशांनी. 1999 च्या 139 रुग्णांच्या चाचणीत ट्रेडमिलवर ईसीजी बिघडायला लागणारा वेळ वाढला आणि छातीतल्या दुखण्याचे झटके कमी झाले; एकूण चालण्याच्या वेळेत मात्र दोन गटांत ठोस फरक पडला नाही. आयुष्य वाढतं, असं या चाचणीवरून म्हणता येत नाही. डाव्या मुख्य रोहिणीत मोठं ब्लॉकेज असेल तर आधी सर्जनला भेटा. हार्ट अ‍ॅटॅक चालू असताना तर हा उपचार नाहीच.

केंद्राचा दर्जा स्क्रीनवर कळतो. बोटाला लावलेल्या सेन्सरच्या आलेखात प्रत्येक ठोक्याला दोन उंचवटे दिसायला हवेत: पहिला हृदयाचा, दुसरा कफचा. दुसरा पहिल्याइतका किंवा त्याहून थोडा उंच व्हायला हवा. तो बुटका राहत असेल तर कफ सैल आहेत, वेळ चुकते आहे किंवा दाब कमी आहे, आणि तासभर पाय दाबून घेण्यापलीकडे फारसं काही होत नाही. तंत्रज्ञ दर काही मिनिटांनी आलेख पाहून वेळ जुळवतो का, हे बघा. अनियमित ठोके किंवा जलद नाडी असेल तर यंत्राचा ताल सारखा चुकतो.

पहिल्या सत्राआधी 2डी इको (हृदयाची सोनोग्राफी) मागितला नाही, तर तिथून उठा. महाधमनीच्या झडपेतून मोठी गळती असेल तर मागे ढकललेलं रक्त थेट डाव्या कप्प्यात शिरतं. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ, महाधमनीचा फुगवटा, 180/110 च्या वर गेलेला रक्तदाब, गर्भारपण, यांतही नाहीच. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणाऱ्या तपासणीचा आकडा, दाखवा.

घट्ट, सुरकुतीविरहित पँट घाला. सुरकुतीखाली कातडी सोलते आणि मधुमेहींना ती जखम महागात पडते. सत्राआधी लघवीला जाऊन या. लघवीची गोळी घेत असाल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून पुढे-मागे करा. इतर गोळ्या केंद्राच्या सल्ल्याने बंद करू नका. छातीचं दुखणं कमी झालं तरी त्या चालूच राहतात.