टॉप्सची बेसबॉल कार्डं: अख्खा मोसम जमवल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेले इथूनच परत फिरतील. टॉप्स या अमेरिकन कार्डकंपनीचा २०२५चा बेस सेट, म्हणजे खेळाडूंच्या साध्या कार्डांचा नंबरवार संच, झकास आहे. तो ज्या पाकिटांतून विकला जातो, ती पाकिटं मात्र सेट जमवणाऱ्यासाठी बनवलेलीच नाहीत.

मी न्यू जर्सीत राहतो. वाढलो क्रिकेटवर, बेसबॉलचा नाद इथे आल्यावर लागला. लहानपणी बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवलेली, त्यामुळे रोग तसा जुनाच. सेटचा पहिला भाग, सिरीज वन, फेब्रुवारीत आला, दुसरा, सिरीज टू, जूनमध्ये. दोन्हींत ३५०-३५०, म्हणजे पूर्ण सेट ७०० कार्डांचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला डॉजर्सनी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, सातव्या सामन्यात टोरोंटोला हरवलं, तोवर माझी खरेदी चालूच होती. कधी सुपरमार्केटमधला ब्लास्टर (पाकिटांची छोटी पेटी), कधी कार्डांच्या दुकानातला हॉबी बॉक्स (मोठी, महागडी पेटी), कधी ईबेवरून सुटी कार्डं.

कार्ड हातात घेतलं की बहुतेक जण फोटो बघून ठेवून देतात. मी म्हणेन, उलटं करून वाचा. मुरलेल्या खेळाडूच्या मागे वर्षावर्षाचे आकडे इतक्या बारीक अक्षरात असतात की चाळिशीवाल्याने चष्मा शोधावा. पण वाचत गेलात की त्या माणसाचा अख्खा संसार दिसतो: संघ कधी बदलला, कुठल्या वर्षी फॉर्म गेला, कुठल्या वर्षी जवळजवळ खेळलाच नाही. २०२०च्या ओळीत सगळ्यांचेच आकडे खुरटलेले दिसतात, कारण कोविडमुळे १६२ सामन्यांचा मोसम ६०वर आला होता. शेजारीच एखादा रुकी, म्हणजे नवखा खेळाडू, आरसीचा (रुकी कार्ड) शिक्का मिरवणारा, मागे आकड्यांची जेमतेम एक ओळ. ही मजा साध्या पुठ्ठ्याच्या बेस कार्डात आहे. टॉप्सच्याच चकचकीत क्रोम कार्डांत मला ती सापडली नाही. शिवाय न्यू जर्सीच्या दमट उन्हाळ्यात क्रोमची कार्डं पापडासारखी वाकतात. जाड पुस्तकाखाली दाबून ठेवली तर थोडी सरळ होतात, पण पूर्वीसारखी नाहीच.

आता पाकिटांबद्दल. प्रत्येक पाकिटात भरणा बेस कार्डांचाच असतो, पण लोक पैसे मोजतात ते उरलेल्या एखाद-दुसऱ्या कार्डासाठी. सोनेरी कडेचं, २०२५ प्रतींपुरतं, मागे अनुक्रमांक छापलेलं. किंवा खेळाडूची सही असलेलं. किंवा जगात एकच प्रत असलेलं. कुठलं कार्ड किती पाकिटांमागे एक, हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाचल्यावर लॉटरीच्या दुकानात उभे आहोत हे कळतं, तरी हात खिशाकडे जातो. सेटचं म्हणाल तर पहिली दोनशे कार्डं भराभर जमतात. मग डुप्लिकेटचा ढीग वाढत जातो आणि हवे ते नंबर काही केल्या निघत नाहीत. तिथे थांबावं आणि उरलेली कार्डं सुटी घ्यावीत. साधी बेस कार्डं दहा-पंचवीस सेंटला मिळतात, टपालखर्चच कार्डापेक्षा जास्त होतो. दुकानदार तर कधी कधी मूठभर तशीच देऊन टाकतो, त्याला जागा अडवून नको असतात.

बेस कार्डाला ही कळा एका दिवसात आली नाही. ब्रुकलिनची टॉप्स ही मुळात च्युइंगमवाली कंपनी. १९५२ साली कंपनीच्या साय बर्जरने आकडे, सही, संघाचं चिन्ह असा ऐसपैस सेट काढला. त्यातला न खपलेला माल १९६० साली बार्जवर लादून आमच्याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात ओतला, असं तो स्वतः सांगायचा. त्याच सेटमधलं मिकी मँटल या दिग्गज खेळाडूचं एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. १९८०च्या कोर्टाच्या निकालाने टॉप्सची मक्तेदारी मोडल्यावर फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या मैदानात उतरल्या, १९८९मध्ये अपर डेक आलं, आणि सगळ्यांनी मिळून इतकं छापलं की त्या काळातल्या मालाला आजही ‘जंक वॅक्स’च म्हणतात (वॅक्स म्हणजे तेव्हाची मेणकागदी पाकिटं). त्या वर्षांची न फोडलेली खोकी कार्डशोमध्ये आजही स्वस्तात मिळतात. धडा सर्वांनी घेतला, पण वेगळाच: बेस भरमसाट छापा आणि टंचाई मुद्दाम तयार करा.

त्या टंचाईचं टोक म्हणजे पिचर पॉल स्कीन्सचं कार्ड. पदार्पणाच्या सामन्यात त्याच्या जर्सीवर असलेली पट्टी कापून त्यात बसवलेली, सही केलेली, प्रत एकच. २०२४च्या नाताळात लॉस एंजेलिसच्या ११ वर्षांच्या मुलाच्या पाकिटात ते निघालं. स्कीन्सच्या संघाने, पिट्सबर्ग पायरेट्सनी, बदल्यात ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. कुटुंबाने लिलावाला पाठवलं आणि ११ लाख डॉलरच्या वर किंमत आली. पोराचं नशीब, मला आनंदच आहे. पण तेव्हापासून दुकानात येणारं प्रत्येक पोर तेच कार्ड शोधतंय. कार्डशोमध्ये बारा-तेरा वर्षांची मुलं कडक पेट्या घेऊन फिरतात आणि खेळाडूचं नाव विचारायच्या आधी ‘कॉम्प्स काय आहेत?’ (म्हणजे असं कार्ड अलीकडे कितीला गेलं?) विचारतात.

ब्रेकही करून पाहिला. म्हणजे कुणीतरी मोठी पेटी लाइव्ह फोडतो, आपण एका संघाचे पैसे भरायचे, त्या संघाची कार्डं आपली. पडद्यावर माझ्या संघाची कार्डं एकामागून एक निघताना पाहिली, घरी आलेल्या पाकिटात मात्र दोनच. विचारलं तर उत्तर आलं, ‘बेस आम्ही पाठवत नाही.’ नियमांत कुठेतरी लिहिलेलं होतं म्हणे. ज्या वस्तूसाठी मी पैसे मोजतो तीच यांच्या लेखी कचरा! पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. ग्रेडिंगच्याही नाही, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून, गुण लावून ते सीलबंद करून घेण्याच्या. जे कार्ड बाइंडरमधून काढून वाचायचं ते प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये कोंडून मी करू काय?

खटकणारी खरी गोष्ट वेगळी आहे. मेजर लीग बेसबॉलच्या लोगोंचा हक्क २०१०पासून एकट्या टॉप्सकडेच होता, पण २०२२च्या जानेवारीत फॅनॅटिक्स या क्रीडासाहित्य विकणाऱ्या कंपनीने अख्खी टॉप्सच घेतली. आता छापणारे तेच, लाइव्ह फोडण्याचा मंच त्यांचाच आणि लिलावाचं दुकानही त्यांचंच. प्रतिस्पर्धी कार्डकंपनी पनीनीने २०२३मध्ये मक्तेदारीचा दावा ठोकला, फॅनॅटिक्सनेही उलट दावा केला. दरम्यान २०२५-२६च्या मोसमापासून बास्केटबॉलही टॉप्सकडे आलं. तिकडे ग्रेडिंगमध्येही पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या मालकांनी २०२४मध्ये प्रतिस्पर्धी एसजीसी विकत घेतली. माल पटला नाही म्हणून दुसरीकडे जावं, तर पनीनीच्या बेसबॉल कार्डांवर खेळाडूंच्या टोप्या कोऱ्या, लोगोच नाही. ते बघवत नाही.

पुढच्या फेब्रुवारीचं माझं ठरलंय. कुणीतरी हाताने नंबरवार लावून विकलेला सिरीज वनचा पूर्ण सेट ईबेवर घ्यायचा. एका हॉबी बॉक्सच्या किमतीत तो येऊन वर पैसे उरतात. नऊ खणांची पानं आणि डी-रिंगचा बाइंडर घ्या, गोल रिंगमध्ये कार्डांच्या कडा मुडपतात. पाकिटं फोडण्याची हौस म्हणून एक ब्लास्टर घेईन. माझी डुप्लिकेट कार्डं चांगली दोन खोकी भरून पडली आहेत. एडिसनच्या आसपास कुणी सिरीज टू पूर्ण करत असेल तर नंबरांची यादी कळवा, अदलाबदल करू.