जॉर्ज इन, नॉर्टन सेंट फिलिप: वाडेप्रेमींनी बघायलाच हवं

मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या पुणेकरांनो, सॉमरसेटमधल्या या जुन्या सराईसाठी एक अख्खी दुपार काढा. १४व्या शतकात हिंटनच्या ख्रिस्ती मठानं ही बांधली. लोकरीचा व्यापार इथंच चाले. तळमजला भक्कम दगडी, वरचे दोन मजले लाकडी सांगाड्याचे आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा रस्त्याकडे थोडा पुढे आलेला. दाराशी उभं राहून मान वर करा. पुढे काढलेल्या लाकडी कड्यांच्या, म्हणजे आडव्या तुळयांच्या, टोकांवर वरची अख्खी भिंत उभी आहे! सदाशिव पेठेतल्या वाड्यात कडीपाटाखाली (कड्या आणि फळ्यांच्या छताखाली) वाढल्यामुळे मी तिथून हललेच नाही. १६६८मध्ये प्रसिद्ध इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स इथं जेवला होता. जेवण आम्हालाही आवडलं. मागच्या चौकातही जाऊन या, घाई करू नका.