राउटर रीबूट झाल्यावर: ओव्हरलोड बिट बरा की मॅक्स-मेट्रिक?

पावसात वीज गेली, यूपीएस संपला आणि फोंड्याचा राउटर रीबूट झाला, की पुढची काही मिनिटं सगळ्यात धोक्याची. आयएस-आयएस किंवा ओएसपीएफ (आपल्या नेटवर्कच्या आतल्या वाटा शोधणारे प्रोटोकॉल) शेजाऱ्यांशी काही सेकंदांत जुळतं, पण बीजीपीचा (बाहेरच्या नेटवर्कांच्या वाटा सांगणाऱ्या प्रोटोकॉलचा) पूर्ण तक्ता भरायला मिनिटं लागतात. बाकीचे राउटर मात्र रस्ता मोकळा समजून ट्रॅफिक पाठवतात आणि तो फोंड्यातच गडप होतो.

यावर दोन उपाय आहेत. आयएस-आयएसमधला ओव्हरलोड बिट, म्हणजे ‘माझ्यातून जाऊ नका’ अशी खूण, मुळात मेमरी अपुरी पडलेल्या राउटरसाठी होता. तो लावला की इतर राउटर त्याच्यामधून ट्रान्झिट, म्हणजे पुढे दुसरीकडे जाणारा ट्रॅफिक, नेत नाहीत. त्याचा लूपबॅक (राउटरचा स्वतःचा पत्ता) आणि थेट जोडलेली नेटवर्कं मात्र पोहोचतात, म्हणून त्या राउटरवरचं तुमचं लॉगिन चालू राहतं. ओएसपीएफव्ही२मध्ये असा बिट नव्हता. तिथे २००१च्या आरएफसी ३१३७ या इंटरनेट-तंत्राच्या दस्तऐवजाने (आता २०१३चा ६९८७) वेगळी वाट काढली, तीच मॅक्स-मेट्रिक: राउटर आपल्या ट्रान्झिट लिंकची किंमत (मेट्रिक) जास्तीत जास्त, म्हणजे ६५५३५, जाहीर करतो. म्हणजे रस्ता बंद होत नाही, फक्त महाग होतो.

हा फरक आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. समजा पणजी, मडगाव, फोंडा अशी तीन ठिकाणांची रिंग आहे आणि कुठ्ठाळीजवळ खोदकामात पणजी-मडगाव फायबर तुटली. त्याच वेळी फोंड्याचा राउटर ओव्हरलोड बिट लावून उठला, तर बोरीकडची फायबर धड असूनही मडगाव पणजीपासून तुटतं. बिट निघेपर्यंत काही करता येत नाही. मॅक्स-मेट्रिक असेल तर मडगावचा ट्रॅफिक महागात का होईना, फोंड्यातूनच जातो. बीजीपी अपुरं असल्याने बाहेरची काही ठिकाणं हुकतील, पण पणजीतला तुमचा डीएनएस आणि सर्व्हर मिळत राहतील.

म्हणून छोट्या रिंगसाठी माझं मत ठाम आहे: मॅक्स-मेट्रिक. प्रत्येक ठिकाणाला तीन-चार वाटा असतील तर मात्र ओव्हरलोड बिट जास्त स्वच्छ, कारण अर्धवट तयार राउटरमधून कुणीच जाऊ नये हेच तिथे हवं असतं. ओएसपीएफमध्येही तसा पक्का नकार हवा असेल तर २०२०च्या आरएफसी ८७७०चा एच-बिट आहे, पण एरियातल्या (ओएसपीएफच्या त्या विभागातल्या) सगळ्या राउटरना तो समजायला हवा.

आयएस-आयएस वापरत असाल आणि वाट फक्त महाग करायची असेल, तर मेट्रिक वाढवा. वाइड मेट्रिकमध्ये (मोठे आकडे चालणाऱ्या नव्या पद्धतीत) १६७७७२१४पर्यंतच जा. त्यात एक जरी मिळवला तरी ती लिंक हिशेबातूनच गळते. जुन्या नॅरो मेट्रिकची मर्यादा ६३ आहे. त्यात एवढी मोकळीक नाही.

वेळेबाबत, बिट किती वेळ ठेवायचा याचे ठरावीक सेकंद देण्यापेक्षा ‘ऑन-स्टार्टअप वेट-फॉर-बीजीपी’ (राउटर उठल्यावर बीजीपी तयार होईपर्यंत थांब) हा पर्याय घ्या. सिस्को राउटरच्या आयओएस सॉफ्टवेअरवर बीजीपीने तयार असल्याचं कळवलं नाही तर बिट १० मिनिटांनी आपोआप निघतो. देखभालीसाठी हाताने लावलेला बिट मात्र कुणीतरी काढेपर्यंत तसाच राहतो. काम आटोपल्यावर ‘शो आयएसआयएस डेटाबेस’ या कमांडमध्ये ओएलच्या (ओव्हरलोडच्या) रकान्यात ० दिसतोय का, ते पाहूनच घरी जा.