अपघात जर्मनीत, दावा म्हणे लातुरात

पुतण्या स्टुटगार्टला शिकायला होता. नोव्हेंबर 2021 मध्ये सायकलवर असताना वळणाऱ्या कारनं त्याला उडवलं, मांडीचं हाड मोडलं. लेकरू उदगीरला आलं ते कुबड्यांवर. पुढं लातूरच्या एका ‘क्लेम सल्लागारा’नं आम्हाला गाठलं. "काका, पोरगा भारतीय, म्हणजे कायदा भारताचाच. मोटार अपघात न्यायाधिकरणात टाकू. साठ लाख कुठं जात नाहीत."

त्यानं मोटार वाहन कायद्याचं कलम 166 उघडून दाखवलं. अर्जदार राहतो तिथंही अर्ज करता येतो, असं त्यात खरंच आहे. पुस्तक खोटं नव्हतंच हो! फक्त तो कायदा भारतापुरता आहे, हे सांगणारं पहिलं पान त्यानं दाखवलं नाही. फाईल, भाषांतर, स्टँप असं करत दीड वर्षात 1,40,000 रुपये गेले. सगळे सोयाबीनचे.

सप्टेंबर 2024 मध्ये भाचीनं सल्लागारानं दिलेला केस नंबर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर टाकला, तर भलत्याच माणसांचं प्रकरण निघालं.

मग ओळखीच्या वकीलसाहेबांकडं गेलो. कागद बघायच्या आधी त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: इजा कुठं झाली आणि गाडीवाला राहतो कुठं? दोन्हींचं उत्तर जर्मनी. तिथं युरोपीय संघाचा ‘रोम 2’ नियम 11 जानेवारी 2009 पासून चालतो. नुकसान जिथं झालं, त्या देशाचा कायदा. इजा करणारा आणि इजा झालेला दोघंही तेव्हा एकाच देशात राहत असतील तर त्या देशाचा. पासपोर्ट कुणाचा, हे बघतच नाहीत. भरपाईचं मापही त्याच कायद्याचं.

खरा संताप पुढं आला. जर्मन कायद्यात चालकाची चूक सिद्ध करायचीही गरज नव्हती, जबाबदारी गाडी बाळगणाऱ्यावरच असते आणि थेट विमा कंपनीकडं मागता येतं. मुदत तीन वर्षं, अपघाताचं वर्ष संपल्यापासून. म्हणजे 31 डिसेंबर 2024. आमच्या हातात तीन महिने उरले होते.

पुतण्याच्या मित्रानं तिथला वकील गाठून दिला, नोव्हेंबरात कागद गेले. सल्लागाराच्या पावत्या पोलिसांत दिल्या. प्रत्येकीवर एकच शब्द: ‘मार्गदर्शन शुल्क’. कोर्टाचं नाव कुठंच नाही. आणि वहिनींनी त्या पावत्या दागिन्यांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या.